वाटेत उघडू नये

माझ्या नातीला एकदा धुऊन, इस्त्री करून, घडी घालून हॉस्पिटलात पाठवलं होतं.

बरं, धुतलं नव्हतं. इस्त्रीही केली नव्हती. पण चादरींच्या ट्रॉलीत, चादरींखाली, व्हॅनमधून थेट तिसऱ्या मजल्यावर पोचली होती पोरगी. अगदी शपथेवर सांगते. आता माझ्या शपथेला आमच्या गल्लीत काडीची किंमत नाही, हे मला ठाऊक आहे. लहानपणी मी आमच्या विहिरीत पडले आणि मामाच्या गावच्या विहिरीतून वर आले, हे मी निदान चारशे माणसांना सांगितलंय. एकदा कावळ्याने माझा चष्मा पळवला आणि पेपर वाचून झाल्यावर परत आणून दिला, हे त्याहून जास्त जणांना. त्यामुळे मी काही खरं सांगायला लागले की लोक आधीच हसून घेतात. हसा. पण ऐका.

ही नात म्हणजे माझ्या लेकीची लेक. वय सव्वीस. मी तिला फूटपट्टी म्हणते, कारण ती प्रत्येक गोष्ट मोजते आणि मोजलेलं सांगते. मी शेजारणीला म्हणावं, "अगं, केवढी रांग होती, शंभर माणसं!" की ही मागून म्हणणार, "तेवीस." मी म्हणावं, "दोन तास उभी होते." ही म्हणणार, "पस्तीस मिनिटं. त्यातली दहा तू बाकावर बसली होतीस." संध्याकाळी दात घासायच्या आधी मला दिवसाचा आकडाही देते. "आजी, आज तू अकरा वेळा खोटं बोललीस." रागाने नाही हं. आज ढग आहेत म्हणावं, तसं.

ती एका मोठ्या लाँड्रीत कामाला आहे. घरच्या कपड्यांची नाही, हॉस्पिटलच्या कपड्यांची. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे. एकीकडून मळकी गाठोडी आत जातात, दुसरीकडून करकरीत घड्या बाहेर येतात. मधे वाफ, पट्टे, आणि खाटेएवढे रूळ असलेली इस्त्रीची मशीन. फूटपट्टीचं काम शेवटच्या टेबलावर. त्या टेबलाला वर काच आणि खाली ट्यूबलाइट. धुतलेली चादर काचेवरून ओढत न्यायची. कुठे भोक असलं की उजेड डोळ्यात येतो. चांगली चादर डावीकडे, रफूची मधे, चिंध्यांची उजवीकडे. पाठीशी भिंत, कानांवर जाड हेडफोन, आणि कुणी बोलायला नाही. चार वर्षं ती हे काम करत होती आणि रोज घरी येऊन मला सांगायची, "आज आठशे बारा." मी विचारायची, "चादरी?" ती म्हणायची, "मग काय हत्ती?" बघा, अशी जोक करते ती. लोकांना वाटतं तिला जोक कळत नाहीत. कळतात, फक्त आपण सांगितलेले आवडत नाहीत.

एकोणिसाव्या वर्षी एका डॉक्टरबाईंनी तिला दोन दिवस नाना प्रश्न विचारले आणि कागदावर लिहून दिलं, ऑटिझम. म्हणाल्या, आजार नाही, मेंदूची ठेवण वेगळी आहे. तिची आई, माझी लेक, दवाखान्याच्या जिन्यातच रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि गप्प राहिले. मी गप्प राहिले म्हणजे बघा. कारण ती ठेवण मला चांगली ओळखीची होती. चाळीस वर्षं माझ्याच घरात होती, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची.

तर, लाँड्री. तिथे नवीन सुपरवायझरबाई आल्या आणि त्यांच्या गळ्यात शिट्टी. बाई काही वाईट नव्हत्या. इस्त्रीच्या मशीनवरच्या बायकांचे खांदे धरतात, मनगटं सुजतात, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात पाहिलं आणि नियम केला, दर दोन तासांनी शिट्टी, शिट्टी झाली की सगळ्यांनी जागा बदलायच्या. बायका खूश. फक्त फूटपट्टी सोडून. तिची शिट्टीशीच पहिली गाठ वाईट पडली. हेडफोनच्या आरपार जाणारी ती किंचाळी, आणि मग हातातली चादर अर्धी सोडून भलत्याच ठिकाणी जाऊन उभं राहायचं, आज गाठोडी, उद्या रूळ, कुठे ते आधी माहीत नाही. पहिल्या आठवड्यात ती घरी येऊन आकडा सांगेनाशी झाली. दुसऱ्या आठवड्यात जेवेनाशी झाली. मी विचारलं, "अगं, बाईंना सांग ना."

"काय सांगू?"

"तुला त्रास होतो ते."

"त्यांनी विचारलं नाही."

मंगळवारी तिसऱ्या शिट्टीला तिची ट्यूबलाइटही फडफडायला लागली होती. तेव्हा ती शांतपणे टेबलाशेजारच्या ट्रॉलीत चढली. चांगल्या चादरींची ट्रॉली, अर्धी भरलेली. आत बसली, वरून एक चादर ओढून घेतली. ऊबदार, पांढरं, कुणाचा आवाज नाही. दहा मिनिटांनी बाहेर यायचं ठरवलं होतं तिने. पण पाचव्या मिनिटाला ट्रॉलीवाले काका आले, वर अजून घड्या रचल्या, झाकण लावलं आणि गाणं म्हणत ट्रॉली ढकलली. जड लागली म्हणून चाकाला शिव्या दिल्या म्हणे. ट्रॉली व्हॅनमध्ये चढली, व्हॅन निघाली, सिग्नल, पूल, खड्डे, हॉस्पिटल, लिफ्ट, तिसरा मजला. तिथल्या नर्सने झाकण काढलं, चादर उचलली, तर खाली माझी नात, मांडी घालून. नर्सने अशी किंकाळी फोडली की... नाही, मी नव्हते तिथे. पण फोडलीच असणार. आणि फूटपट्टी तिला काय म्हणाली माहीत आहे? "एकशे अडतीस आहेत. तुमच्या कागदावर एकशे चाळीस लिहिलंय."

मी विचारलं, "अगं बये, वाटेत ओरडायचं नाहीस का?"

"ट्रॉलीच्या झाकणावर लिहिलंय, वाटेत उघडू नये."

"ते काकांसाठी आहे!"

"तसं लिहिलेलं नाही."

आता मला सांगा, अशी गोष्ट जन्मात एकदा हाताला लागते. कावळाबिवळा झक मारतो. आणि ह्या गोष्टीला मला पुढे कुठेच तिखटमीठ लावता येईना, कारण तिसऱ्या दिवशी घरी पत्र आलं. सुपरवायझरबाईंनी लिहिलं होतं, कामाच्या वेळेत झोपली, स्वच्छ माल खराब केला, न सांगता आवार सोडून गेली. आठ दिवसांनी अकरा वाजता ऑफिसात हजर राहावे, नोकरीबाबत निर्णय घेण्यात येईल.

फूटपट्टीने पत्र चार वेळा वाचलं. म्हणाली, "मी झोपले नव्हते." मग म्हणाली, "माझं टेबल जाणार का?" नोकरी जाणार का, असं नाही विचारलं. टेबल.

युनियनच्या ताई घरी आल्या. वाऱ्यासारख्या बोलतात, पण कामाच्या. म्हणाल्या, घाबरायचं नाही, कायदा आहे. मेंदूची ठेवण वेगळी असली तर काम नीट करता यावं म्हणून कामाच्या पद्धतीत थोडा बदल मागायचा तुझा हक्क आहे, ही भीक नाही. मागितलं म्हणून काढता येत नाही. नाही म्हणायचं तर कारण त्यांनी लेखी द्यायचं. फक्त एक, तू सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं? डॉक्टरांचा कागद जोड आणि काय हवं ते लिही. आणि मीटिंगला सोबत एक माणूस नेता येतं.

फॉर्मवर रकाना होता, सोबतच्या व्यक्तीचं नातं. फूटपट्टीने लिहिलं, आजी.

माझी लेक ताडकन उठली. "हिला नेणार? आईला? ती तिथे जाऊन सांगेल की ट्रॉली उडत गेली!"

"मला ने," ताई म्हणाल्या. "माझं कामच आहे ते."

फूटपट्टीने पेनाचं टोपण लावलं. "आई मीटिंगमध्ये ओरडते. ताई इतक्या भरभर बोलतात की मला पहिलं वाक्य कळेपर्यंत त्या पाचव्यावर असतात. आजी खोटं बोलते, पण हळू बोलते."

झाली माझी नेमणूक. अट एकच. तिने माझ्यासमोर बसून सांगितली. "आजी, अकरा वाजल्यापासून बाहेर येईपर्यंत शून्य."

"शून्य म्हणजे अगदी...?"

"शून्य."

मी कानाला खडा लावला. आणि मीटिंगपर्यंत रोज आरशासमोर बसून तोंड बंद ठेवायची तालीम केली. कारण मी एकदा अशाच एका ऑफिसात गेले होते, अशाच माणसासाठी. आणि तिथे मी शून्य पाळलं नव्हतं.

आमचे हे पोस्टात होते. पत्रं लावायच्या खोलीत. भिंतभर लाकडी खण होते, शहाण्णव, प्रत्येक खणाला नंबर. हे बसायचे नाहीत, उभे राहायचे, आणि पत्रांचा गठ्ठा असा वाटायचे की नुसता हात दिसायचा, पत्र दिसायचं नाही. घरी मात्र घुम्या. दिवसदिवस शब्द नाही. लग्न होऊन आल्यावर मी सहा महिने भिंतीशी बोलले. (सहा नाही, चार.) मग एकदा शेजारीण आली होती, तिला मी म्हटलं, "आमच्या ह्यांच्या खोलीत दोनशे खण आहेत." तर खुर्चीतून आवाज आला, "शहाण्णव."

मी चमकले. मी म्हटलं, "आणि रोज दहा हजार पत्रं." "चार हजार. सणासुदीला सहा." मी म्हटलं, "आणि साहेबांना एक डोळा नाही." "आहे. चष्मा काळा आहे." बाई गं! हे माझ्याशी बोलत होते! तेव्हा मला किल्ली सापडली. काही विचारलं तर उत्तर यायचं नाही, पण चुकीचा आकडा टाकला की हे उठून दुरुस्त करायला यायचेच. मग मी काय, लावला सपाटा. विहीर, कावळा, चष्मा, सगळ्या थापा तिथून सुरू झाल्या. लोकांना वाटतं, हिच्या जिभेला हाड नाही. अहो, मी नवऱ्याला बोलवत होते. दुसऱ्या बायका नवऱ्याला हाक मारतात, मी थाप मारायचे.

मग नवे साहेब आले. एका सकाळी त्यांनी खणांचे नंबर बदलले. सगळे शहाण्णव. त्यांचं डोकं त्यांच्या जागी बरोबर असेल, नवीन पद्धत आली होती. पण ह्यांना कुणी आदल्या दिवशी सांगितलं नाही. हे कामावर गेले, पहिलं पत्र हातात घेतलं आणि तसेच उभे राहिले. हात वर, पत्र हातात. बाकीचे आधी हसले, मग घाबरले. शेवटी शिपाई मला बोलवायला आला. मी भांडी घासत होते, ओल्या हातांनी गेले.

साहेब म्हणाले, "तुमचा नवरा काम करायला नकार देतोय."

ह्यांच्या हातात अजून ते पत्र होतं. मला इतकं भरून आलं, आणि मला येतं तेच मी केलं. म्हटलं, "साहेब, ह्यांच्या हृदयाला भोक आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, अचानक बदल झाला तर जिवाला धोका." साहेब विरघळले हो! खुर्ची मागवली, पाणी मागवलं. म्हणाले, आधी सांगायचं नाही का, जुने नंबर ठेवू यांच्यापुरते. एवढं बोलले. आणि हे म्हणाले, "माझ्या हृदयाला भोक नाही. ही आत्ता तयार करतेय."

साहेब मला हसले, मग ह्यांना हसले, आणि मग हसायचे थांबले. दुसऱ्या दिवसापासून ह्यांना मागच्या खोलीत टाकलं, पोती शिवायला. निवृत्त होईपर्यंत अकरा वर्षं पोती शिवली. मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. पण घरी कधीकधी कपाटासमोर उभे राहायचे आणि हात हवेत चालायचा. वर, खाली, डावीकडे, वर. पत्रं टाकायचे. मी दाराआडून बघायची आणि आत जायची नाही.

जुने आकडे नव्या आकड्यांखाली पेन्सिलीने लिहून महिनाभर ठेवले असते, तर पुरलं असतं. हे मला पुढे कळलं. तेव्हा मला माहीत नव्हतं की असं काही मागता येतं. ह्यांना काय हवंय, हे साहेबांनी विचारलं नाही, आणि खरं सांगू, मीही विचारलं नाही. मी थेट हृदयाला भोक पाडलं.

हे जाऊन आता नऊ वर्षं झाली. मी अजून थापा मारते. खुर्चीकडे बघून मारते.

तर, मीटिंग. खोली लहान, टेबल मोठं. पलीकडे ऑफिसातले साहेब, पोट सुटलेला, दमलेला, बरा माणूस. शेजारी सुपरवायझरबाई, शिट्टी आज पर्समध्ये. इकडे फूटपट्टी, आणि तिच्या डाव्या बाजूला मी, हाताची घडी तोंडावर ठेवल्यासारखी.

"सुरू करू या?" साहेब म्हणाले.

"घड्याळ," फूटपट्टी म्हणाली.

भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करत होतं. मला ऐकूही येत नव्हतं. साहेबांनी ते काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं. तिने मान हलवली. "अजून येतंय." साहेब उठले, घड्याळ बाहेर बाकावर ठेवून आले. मी मनात म्हटलं, हा माणूस उठला. चाळीस वर्षांपूर्वी असा एक उठला असता तर!

बाईंनी त्यांचं वाचून दाखवलं. साहेबांनी विचारलं, "ट्रॉलीत किती वेळ झोपली होतीस?"

"बावन्न मिनिटं. झोपले नव्हते."

मी डोळे मिटले. दहा म्हण गं, दहा म्हण. पण आमच्या घरात खोटं बोलायची सगळी कला माझ्याकडेच राहिली, खाली उतरलीच नाही.

"हा डॉक्टरांचा कागद चार वर्षांत दिला का नाहीस?"

"भीती वाटत होती. आणि माझं टेबल बरोबर होतं. काही मागायला लागत नव्हतं."

साहेबांनी कपाळ चोळलं. कागद उलटसुलट केला. मग माझ्याकडे वळले आणि आवाज खाली आणला. "आजी, मला काही हिला काढायचं नाही. पण हे झोपणंबिपणं नोंदीवर आलंय. हिला चक्कर येते का कधी? दम, छातीत धडधड? तसं तुम्ही म्हणालात तर मी 'तब्येत बिघडली' असं लिहितो. फाइल पाच मिनिटांत बंद. घरी जा."

अहो, काय सांगू. जिभेच्या टोकावर आलं. तेच हृदय, तेच भोक, चाळीस वर्षं जपून ठेवल्यासारखं तयार. आणि ह्या साहेबांनी तर पाट मांडून बोलावलं होतं. फूटपट्टी माझ्याकडे बघत नव्हती, ती कधी कुणाकडे बघत नाही. पण तिचं बोट टेबलावर होतं, आणि त्या बोटाने तिने एक गोल काढला. शून्य.

मी म्हटलं, "नाही साहेब. तिला चक्कर येत नाही. तब्येत ठणठणीत आहे. आज चक्कर लिहाल, फाइल बंद होईल, आणि उद्या दोन तासांनी परत शिट्टी होईल. मग काय, दर दोन तासांनी चक्कर लिहिणार? तिला काय हवंय ते तिने लिहून आणलंय. तेवढं वाचा. मी एका माणसाच्या बाबतीत ते न विचारता बोलले होते. त्याने अकरा वर्षं पोती शिवली."

एवढंच बोलले. राईएवढंही वाढवलं नाही. आणि बोलून झाल्यावर मी सवयीने थांबले, खुर्चीतून दुरुस्ती येण्यासाठी. आली नाही. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच.

साहेबांनी तिचा कागद वाचला. एकच पान होतं. माझं टेबल माझ्याकडे राहू दे. दुसरीकडे काम द्यायचं असेल तर आदल्या दिवशी कागदावर लिहून द्या. शिट्टीऐवजी दिवा लावा. सहन होईनासं झालं तर दहा मिनिटं कोठारात बसू दे, मी दारावर पाटी लावीन. फडफडणारी ट्यूब बदला.

सुपरवायझरबाई म्हणाल्या, "आणि बाकीच्या बायका? हिला एक नियम, त्यांना एक? रुळावर त्यांनी मरायचं?" तसं खोटं नव्हतं ते. बाईंनी स्वतःचंच मनगट चोळलं. "मी मनगटं बघून केलं हो ते. हिचं काही मला माहीतच नव्हतं."

"बाकीच्यांना काही हवं असेल तर त्यांनी लिहावं," फूटपट्टी म्हणाली. "फॉर्म जिन्याखालच्या पेटीत आहेत. बेचाळीस शिल्लक आहेत." मग म्हणाली, "गुरुवारी मी रुळावर दोन तास करीन. दर गुरुवारी. आठ ते दहा. पण गुरुवारच पाहिजे."

बाईंनी पर्समधून डायरी काढून उघडली. मग म्हणाल्या, "गुरुवारी माल जास्त असतो."

"माहीत आहे. म्हणून."

झालं ते एवढंच, फार मोठं काही नाही. 'झोपली' खोडून 'ट्रॉलीत बसली होती' असं लिहिलं. टेबल राहिलं. ट्यूब त्याच दिवशी. आदल्या दिवशीचा कागद मान्य. कोठार मान्य. शिट्टीचं मात्र साहेब म्हणाले, विचार करून पंधरा दिवसांत लेखी कळवतो. न सांगता आवार सोडल्याचा शेरा राहिलाच. फूटपट्टी म्हणाली, बरोबर आहे, सोडलं होतं. आणि जाता जाता साहेब म्हणाले की ट्रॉलीच्या झाकणावर आता 'आत कोणी नाही ना पाहावे' असंही लिहायला हवं. ती म्हणाली, "अक्षर मोठं काढा."

बाहेर बसस्टॉपवर आलो. ऊन पडलं होतं. आनंद व्हायला हवा होता मला, पोरीचं टेबल राहिलं. झालाही. पण त्या आनंदाच्या मधोमध काहीतरी असं दुखायला लागलं की मी बाकावर बसलेच. एक कागद. एक बाहेर ठेवलेलं घड्याळ. तासभरही नाही लागला. एवढ्याने झालं असतं. मला तो ओल्या हातांचा दिवस परत हवा होता. फक्त तो एक. बाकी सगळं आयुष्य ज्याला हवं त्याने घ्यावं.

फूटपट्टी शेजारी बसली, वीतभर अंतर ठेवून. म्हणाली, "आजी, शून्य."

"हो गं बाई."

"तुला त्रास झाला?"

तिने विचारलं हे! मग मी म्हटलं, "तुझ्या आजोबांची आठवण आली. त्या दिवशी ते तिथे पत्र हातात घेऊन चार तास उभे होते आणि मी..."

"दोन तास चाळीस मिनिटं," ती म्हणाली.

मी मान वर केली. हा आकडा मी कधीच कुणाला सांगितला नव्हता. मलाच माहीत नव्हता.

"तुला कुणी सांगितलं?"

"आजोबांनी. मी सोळा वर्षांची होते. मी विचारलं होतं, तुमचा सगळ्यात वाईट दिवस कुठला. ते म्हणाले, खण बदलले तो. मग मी विचारलं, त्यात काही चांगलं होतं का."

रस्त्यावरून एक बस गेली. आमची नव्हती.

"मग?"

"म्हणाले, खोलीत नऊ माणसं होती. आठ समोर उभी होती. एक माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. ती खोटं बोलली, पण माझ्या शेजारी उभी राहून बोलली." फूटपट्टीने हे सगळं आकडे वाचल्यासारखं सांगितलं. "म्हणाले, तिचा हात ओला होता. माझी बाही भिजली."

मी पदराने नाक पुसलं. बराच वेळ. हे असं वीस शब्दांचं बोलले होते, आणि माझ्याशी नाही, हिच्याशी! घुम्या मेला. मला एकदा सांगितलं असतंत तर काय तुमचं पत्र चुकीच्या खणात पडलं असतं?

आमची बस वळणावर दिसायला लागली. मला ती यायला नको होती. मला अजून ऐकायचं होतं, एवढंसं, एक शब्द. आणि मला एकच रीत येते.

"उजव्या बाजूला उभी होते मी," मी म्हटलं. "त्यांच्या उजव्या हाताला."

फूटपट्टी उठली, बसला हात केला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"डाव्या."